लाकडाला कुबट वास येतोय? आधी ओल कुठून येते ते शोधा

पांढुर्णा / सौंसर : पोळा जवळ आला की माळ्यावरचा लाकडी नंदी खाली उतरतो आणि त्याच्यासोबत एक वासही खाली येतो. कपाट उघडलं की तोच वास, दिवाणाची पेटी उचलली की तोच, आजीच्या पेटीतल्या लुगड्यांनाही तोच. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात असो की सीमेपलीकडे वरूड, नरखेड, काटोल, सावनेरात, जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने घरातलं लाकूड सादळतं आणि कुबट मारायला लागतं. हिंदीत कोणी त्याला सीलन म्हणतं, मराठीत आपण ओल म्हणतो.

यावर बहुतेक घरांत होतं ते असं : डांबर गोळ्या टाकल्या जातात, कापूर ठेवला जातो, नाहीतर बाजारातून सुगंधी फवारा आणला जातो. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी डांबर गोळी आणि कुबट असा दोन्ही मिळून वास येतो. कारण साधं आहे. वास हा रोग नव्हे, खूण आहे. लाकडापर्यंत कुठून तरी पाणी पोहोचतंय, एवढंच तो सांगतो. पाण्याची वाट बंद न करता केलेला कोणताही उपाय पुढच्या पावसापर्यंतच टिकतो.

वास नेमका कशाचा?

लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून झालं तरी हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबवत नाही. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की दाराच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. तेच दार ऑगस्टमध्ये चौकटीत अडकतं आणि खांदा लावून उघडावं लागतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर टिकून राहिली तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात जातं. लाकडाच्या पृष्ठभागावर बुरशी धरायला तेवढं पुरतं. वेगळं पाणी सांडावं लागत नाही, झड लागून राहिली तरी पुरे.

बुरशी आणि तिच्यासोबतचे सूक्ष्मजीव लाकडातली साखर, पिठूळ अंश, वरची धूळ, हाताचं तेल खातात आणि वायुरूपात काही रसायनं सोडतात. तोच कुबट वास. यातलं जिओस्मिन नावाचं एक रसायन मातीतले सूक्ष्मजीवही तयार करतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास मुख्यतः त्याचाच. माणसाचं नाक ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतं की डोळ्यांना बुरशी दिसायच्या कितीतरी आधी वास कळतो. म्हणून ‘दिसत तर काहीच नाही, उगाच वास येतो’ हे बोलणं फारसं खरं नसतं. बुरशी कपाटाच्या पाठीला असते, तळाला असते, खणाच्या खालच्या बाजूला असते.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. नव्या प्लायवूडच्या किंवा भुशाच्या पाटीच्या कपाटाला येणारा, डोळ्यांना झोंबणारा तिखट वास बुरशीचा नसतो. तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि उष्णतेत व दमट हवेत वाढतो. त्यावर पुसापुशीचा उपयोग नाही. दारं उघडी ठेवून, पंखा लावून काही आठवडे हवा खेळवणं आणि उघड्या कडा पट्टीने बंद करणं हाच मार्ग. ताज्या सागवानाचाही स्वतःचा एक तेलकट, चामड्याच्या जवळ जाणारा वास असतो. तो चांगल्या लाकडाचा वास आहे, त्याला घालवायच्या मागे लागू नये.

कुबट वास नुसता नाकाला त्रास देऊन थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दम्याचा त्रास जास्त आढळतो, असं तिच्यात नोंदलं आहे. ज्या खोलीत लहान मूल किंवा दम्याचं माणूस झोपतं, तिथल्या दिवाणाकडे म्हणूनच आधी पाहावं.

जुन्या घरात कमी, नव्या घरात जास्त?

कवेलूच्या घरात गळती होती, पण वारंही होतं. कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची, चुलीच्या धुराने आणि उबेने मयाली, सर, माळ्याच्या फळ्या कोरड्या राहायच्या. सातपुड्याचा सागवान, तोही जुना आणि गाभ्याचा. सागाच्या गाभ्यात वाळवी आणि बुरशीला न मानवणारे नैसर्गिक घटक असतात, म्हणून शंभर वर्षांची मयाल आजही ठणठणीत दिसते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यं आणि जिल्हे बदलले, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना घर बांधायची रीत साधारण एकच राहिली.

आता दोन्हीकडे स्लॅब आहे. स्लॅबचं घर पाणी अडवतं, पण हवाही अडवतं. खिडक्यांना काच, भिंतीला चिकटून छतापर्यंत कपाट, पलंगाखाली बंद पेटी. लाकूडही पूर्वीचं नाही. बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या सागात बाहेरचा पांढरट भाग बराच असतो, त्याला गाभ्यासारखी ताकद नसते. प्लाय आणि भुशाच्या पाटीचं तर विचारूच नका. म्हणजे लाकूड कमजोर झालं आणि हवा कोंडली, असं दोन्ही एकदम झालं.

ओल शोधायची कुठे?

शोध नाकानेच सुरू करावा. खोलीची दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवून सकाळी आत शिरलं की वास कुठून जोरात येतो ते कळतं. दहा मिनिटांनी नाक सरावतं, मग काही कळत नाही. म्हणून हे काम घरात शिरल्या शिरल्या करावं, किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारावं. तो खरं सांगेल.

पहिली शंका न्हाणीघराच्या भिंतीवर घ्यावी. पलीकडे नळ आणि अलीकडे कपाट ही मांडणी फार घरांत सापडते. नळाच्या जोडातून थेंब थेंब पाणी भिंतीत मुरतं, भिंतीवरून कपाटाच्या पाठीत. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खडूने खुणावून ठेवावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर पाइप किंवा जोड तपासावा.

दुसरी शंका जोत्यावर. या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्याला आणि भिंतीला भेगा पडतात आणि त्यांतून पाणी वर चढतं. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाला पोपडे आले असतील, पांढरं मीठ फुललं असेल तर ओल जमिनीतून येते आहे असं समजावं. तिथे टेकवलेला पलंग वास मारणारच. अंगण घराकडे उतरतं असेल, छपराचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर आधी ते वळवावं. पन्हाळीचा एक तुकडा आणि चार टोपल्या मुरूम हा कधी कधी शंभर डांबर गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतो.

भिंत आतून ओली आहे की नुसती हवा दमट आहे, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेत आहे. पहिल्यात गवंडी लागतो, दुसऱ्यात खिडकी आणि पंखा.

आणि तिसरा संशयित, ज्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही : कूलर. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय भागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पण जून सरत आला, पाऊस सुरू झाला तरी उकाडा आहे म्हणून कूलर पाण्यासकट चालूच राहतो. कूलरचं काम हवेत पाणी घालणं. बाहेरची हवा आधीच दमट असताना तो खोली थंड करत नाही, नुसती ओली करतो. रात्रभर ती ओली हवा कपाटावर आदळते. शिवाय खिडकीत बसवलेल्या कूलरखाली चौकट कायम भिजलेली राहते आणि काळी पडते. कित्येकदा तर जो वास कपाटाचा वाटतो तो कूलरच्या कुजलेल्या गवताचाच असतो. पाऊस लागला की टाकी रिकामी करावी, गवत काढून टाकावं, टाकी पुसून कोरडी करावी. फार तर नुसता पंखा चालवावा.

राहिली गोष्ट लाकडाच्या पाठीची. सुतार कपाटाला समोरून आरशासारखी पॉलिश करतो; पाठ, तळ आणि खणांची आतली बाजू कोरी सोडतो. त्या बाजू दिसत नाहीत, म्हणून पैसे वाचवले जातात. ओल मात्र तिथूनच शिरते. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढून ठेवलं आणि पायांखाली विटेचा किंवा फरशीचा तुकडा दिला, तर पुष्कळदा अर्धा वास तेवढ्यानेच जातो. भिंतीतच ठोकलेल्या कपाटाला हे जमत नाही. त्याच्या पाठीच्या फळीला वर आणि खाली दोन-दोन भोकं पाडून जाळी बसवली तर निदान हवा तरी फिरते.

नवं सामान घेतलं आणि पहिल्याच पावसाळ्यात वास आला, तर लाकूड ओलं असताना विकलं गेलं असण्याची शक्यता मोठी. एक इंच जाडीची फळी मोकळ्या हवेत नीट वाळायला साधारण वर्ष लागतं, असा सुतारकामातला ठोकताळा आहे. तेवढा धीर धरायला आता कोणाला वेळ आहे? ओल्या लाकडावर पॉलिश चढली की पाणी आत कोंडतं. म्हणून लाकूड शक्यतो उन्हाळ्यात घ्यावं, आणि नागपूरच्या लकडगंजात घ्या की गावच्या आरा मशीनवर, फळी किती दिवस वाळली आहे ते विचारूनच पैसे द्यावेत.

वाळवणं : घाई नको

पाण्याची वाट बंद झाल्यावर दुसरं काम वाळवणं. पुसणं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर ओल्या लाकडावर आणखी पाणी फिरवल्यासारखं होतं.

कपाट पूर्ण रिकामं करावं, खण बाहेर काढावेत, दारं सताड उघडावीत. पंखा समोरून न लावता एका कडेने लावावा, म्हणजे हवा आत शिरून बाहेर निघते. उघडीप असेल त्या दिवशी दुपारी ११ ते ४ खिडक्या उघड्या ठेवाव्यात. झड लागलेल्या दिवशी बंद ठेवलेल्या बऱ्या, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. एसी असेल तर ‘ड्राय’वर काही तास चालवला की हवेतलं पाणी नळीतून बाहेर पडताना दिसतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. खोलीतली आर्द्रता ६० च्या खाली राहिली की बुरशीची वाढ थांबते, हा साधा आकडा लक्षात ठेवावा.

ऊन चांगलंच, पण सगळ्या लाकडाला नाही. भरीव सागाचे खण, पाट, चौरंग कोवळ्या उन्हात ठेवावेत आणि तासाभराने पालटावेत. दुपारच्या कडक उन्हात एकाच बाजूने तापलेली फळी वाकते, तडकते. प्लाय, सनमाईका आणि पातळ पत्र्यासारखं लाकूड चिकटवलेल्या वस्तू तर उन्हात सुटून येतात. त्यांना सावलीतलं वारंच बरं. टिनाच्या छतावर किंवा तापलेल्या सिमेंटवर काहीच ठेवू नये.

किती दिवस? पातळ फळीला तीन-चार, जाड पायाला दोन-तीन आठवडेही. मोठी साफसफाई करायची तर दसरा ते दिवाळीमधले दिवस सगळ्यात चांगले. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन असतं, हवा कोरडी होत चाललेली असते. आपल्याकडे दिवाळीआधी घर उपसायची पद्धत आहेच. पावसाळ्यात मात्र वरवरचं काम करून थांबावं आणि पॉलिशला हात लावू नये.

पुसायचं कशाने?

बुरशी दिसत असेल तर कोरडा झाडू फिरवू नये. तिचे कण घरभर उडतात. वस्तू अंगणात न्यावी, नाकाला एन-९५ मास्क, हाताला रबरी मोजे, आणि ओलसर फडक्याने टिपून घ्यावं. फडकं नंतर फेकून द्यावं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सर्वसाधारण सल्ला असा की बुरशी साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेत असेल तर घरच्या घरी हाताळता येते. त्याहून जास्त पसरली असेल तर जाणकार माणूस बोलवावा.

पहिल्या फेरीत कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण, फडकं घट्ट पिळून. दुसऱ्या फेरीत पांढरा व्हिनेगर, दुकानात ‘सफेद सिरका’ म्हणून मागावा. तो पाणी न घालता फडक्यावर घेऊन फिरवावा, तासभर राहू द्यावा, मग साध्या ओलसर फडक्याने पुसून लगेच पंख्याखाली ठेवावा. त्याचा आंबट वास दोन दिवसांत उडून जातो. चपड्याच्या पॉलिशवर आणि मेणावर व्हिनेगर डाग पाडू शकतो. आधी कोपऱ्यात लावून पाहावं.

हट्टी बुरशीला टाकणखार, म्हणजे हिंदीतला सुहागा. लिटरभर गरम पाण्यात दोन-तीन मोठे चमचे विरघळवून ब्रशने लावावा आणि वाळू द्यावा; मागे राहणारा पातळ थर नव्या बुरशीला अडवतो. पोटात गेला तर तो विषारी आहे. त्यामुळे स्वयंपाकाच्या लाकडाला, खेळण्याला आणि मुलांच्या पलंगाच्या कठड्याला लावू नये.

ब्लीचिंगचं पाणी मात्र लाकडावर घालू नये. फरशीवर ते काम करतं, कारण फरशी पाणी पीत नाही. लाकूड पितं. औषधी भाग वरच राहतो, पाणी आत मुरतं, काळा डाग फिका पडल्यामुळे बुरशी गेली असं वाटतं आणि आतली मुळं ताजी होतात. त्याहून मोठा धोका मिसळण्यात आहे. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत कपाटात डोकं घालून काम करणाऱ्या माणसाला तो पळायलाही वेळ देत नाही.

पुसूनही काळे ठिपके राहिले तर वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावं, हिंदी भागातल्या दुकानात त्याला रेगमाल म्हणतात. आधी १२० नंबर, मग २२०. लाकडाच्या रेघेच्या दिशेनेच घासावं.

गोळ्या, कापूर आणि संत्र्याच्या साली

वास शोषून घेणाऱ्या वस्तू आणि वास झाकणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात. खाण्याचा सोडा आणि कोळसा पहिल्या प्रकारातले. उथळ ताटलीत वाटीभर सोडा पसरून बंद कपाटात तीन-चार दिवस ठेवावा, मग बदलावा. लाकडी कोळसा फडक्यात बांधून ठेवावा. महिन्याभराने उन्हात तापवला की पुन्हा चालतो. वाळलेल्या कपाटातला उरलासुरला वास याने जातो. ओल्या कपाटात हे उपाय आठवडाभरात हरतात.

हा संत्र्याचा पट्टा, तेव्हा साली कपाटात ठेवायचा सल्ला घरोघरी मिळतोच. सालीतल्या तेलाचा वास छान, पण तो झाकणारा वास आहे. आणि साल पूर्ण कडक वाळलेली नसेल तर तिच्यावरच हिरवी बुरशी चढते; संत्र्यावरची ती हिरवी-पांढरी बुरशी कोणत्याही बागायतदाराला ओळखीची आहे. म्हणजे बुरशी घालवायला कपाटात बुरशीच नेऊन ठेवल्यासारखं. ठेवायच्याच तर मोडल्यावर कट्‌कन तुटतील इतक्या वाळवून ठेवाव्यात.

कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी ठीक, ओलीसाठी नाही. कापूर आणि धूपही झाकणारेच, आणि बंद खोलीतला धूर दम्याच्या माणसाला बाधतो.

डांबर गोळ्यांबाबत जास्त जपावं. त्या नॅप्थलीनच्या असतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसात, विशेषतः तान्ह्या बाळात, नॅप्थलीनमुळे रक्तपेशी फुटून कावीळ आणि पंडुरोग होऊ शकतो. मध्य भारतातल्या काही समाजांत ही कमतरता आढळते आणि बहुतेकांना ती आपल्यात आहे हे माहीतही नसतं. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधडीत डांबर गोळी ठेवूच नये. पेटीत आधीपासून असेल तर कपडे धुऊन उन्हात दोन दिवस वाळवूनच वापरावेत.

आतून पॉलिश करा

लाकूड खरोखर वाळलं की मग त्याचं तोंड बंद करायचं. वास अडवायला चपड्याची, म्हणजे लाखेची पॉलिश सगळ्यात कामाची. पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरच्या लाखकिड्यांपासून मिळणारी ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. ती पटकन वाळते आणि लाकडात मुरलेला जुना वास आतच कोंडते. खणांच्या आत, पाठीला, तळाला दोन-दोन हात द्यावेत. न्हाणीघराच्या दारासारख्या सतत भिजणाऱ्या जागी लाख टिकत नाही. तिथे ऑइल पेंट किंवा पाण्याला टिकणारी पॉलिश, आणि दाराच्या खालच्या कडेला विसरू नये. दार बिजागरीवर असताना ती कड रंगवता येत नाही, म्हणून ती कोरी राहते आणि दार तिथूनच कुजतं.

जवसाचं तेल विदर्भात सहज मिळतं आणि लाकडाला झळाळीही देतं. पण कच्चं तेल उशिरा वाळतं आणि दमट जागी बुरशीलाच खाद्य होतं. दुसरी गोष्ट जिवावरची आहे : जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अशी फडकी पसरून बाहेर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

नवं कपाट प्लायचं करायचं असेल तर पाटीवरचा शिक्का पाहावा. ‘एमआर’ लिहिलेलं प्लाय हवेतली थोडी ओल सोसतं, पाणी सोसत नाही. ओट्याखाली आणि न्हाणीघराला लागून आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. महाग पडतं, पण तेवढ्या दोन-तीन पाट्यांपुरतंच.

नंदी, काठवट आणि कागद

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वर्षाचे अकरा महिने माळ्यावर असतो. वरून रंग असतो, पण पोटाची बाजू, पायांची टोकं आणि चाकांच्या कण्याची भोकं कोरी असतात, ओल तिथून शिरते. त्याला पाण्यात बुडवू नये, जुना रंग सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढून, पिळलेल्या फडक्याने टिपून सावलीत दोन दिवस ठेवावा. पोळा झाल्यावर गुलाल, हळद, तेल लागलेलं तसंच ठेवून देण्याची घाई होते. पांढुर्ण्यात तर दुसऱ्याच दिवशी गोटमार, घरात कोणाचं लक्ष असतं! तेच तेल आणि तोच ओलावा पुढचं वर्षभर वास देतो. नंदी आठवडाभर बाहेरच राहू द्यावा, मग जुन्या सुती धोतरात गुंडाळावा. पॉलिथिनमध्ये कधीच नाही.

काठवट, पोळपाट, रवी यांना मीठ आणि लिंबाची फोड घासून, धुऊन, भिंतीला उभं टेकवून वाळवावं. आडवं ठेवलं की खालची बाजू ओली राहते. कोरडं झाल्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा, शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं. काळी बुरशी भेगेच्या आत गेली असेल तर काठवट कितीही जुनी असली तरी तीत कणीक मळू नये.

पेटीतले कागद हे सगळ्यात नाजूक प्रकरण. इकडची ऋणपुस्तिका, खसऱ्याची नक्कल, पलीकडच्या वाटणीचा सातबारा, आजोबांचा दाखला असं सगळं एकाच लाकडी पेटीत असतं. कागद उन्हात टाकू नयेत, शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, एकेक सुटा करून वाळवावा. चिकटलेली पानं ओढू नयेत. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, त्याची शाई उतरते. कोरा पांढरा कागद मध्ये घालावा. ओलसर कागद लॅमिनेट केला तर बुरशी प्लास्टिकच्या आत बंद होते आणि मग तो वाचवता येत नाही. वाळल्यावर आधी फोटो काढून ठेवावा, मग कागद लोखंडी कपाटात हलवावेत. पेटी रिकामी झाली की तिचीही दुरुस्ती निवांत करता येते.

केव्हा सोडून द्यावं?

पेचकस घेऊन लाकडात टोचून पाहावा. टणक लागला तर लाकूड जिवंत आहे, वास जाईल. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं, किंवा लाकूड वाळून चौकोनी तुकड्यांत मोडायला लागलं, तर ती कुज आहे. वरून कितीही पॉलिश केली तरी परत येणार. तेवढा भाग कुजेच्या पुढे वीतभर चांगल्या लाकडापर्यंत कापून सुताराकडून नवा जोड बसवून घ्यावा. मयाल किंवा सर असेल तर आधी खाली टेकू द्यावा, मग हात लावावा.

टोचताना आत मातीचे बोगदे दिसले, पृष्ठभागावर मातीची बारीक नळी दिसली, तर ती वाळवी, म्हणजे आपली उधई. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर घुण. दोघांनाही ओलं लाकूड आवडतं, म्हणून ती वासाच्या मागोमाग येतात. उधईची नळी नुसती पुसून टाकू नये. ती जमिनीत कुठे उतरते ते पाहून तिथे औषध करावं लागतं, नाहीतर ती चार फूट बाजूने पुन्हा वर येते. आणि भुशाच्या पाटीचं कपाट एकदा पाण्याने फुगलं की त्याला उपाय नाही. बिजागऱ्या, कुलपं, कड्या काढून घ्याव्यात आणि पाट्या घराबाहेर कराव्यात. त्या चुलीत मात्र घालू नयेत, गोंदाचा धूर विषारी असतो.